चार महिने निरंक

डासमामांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस वस्तीत शोधूनही सापडलं नसतं. पगाराच्या कागदावर नाव होतं म्हणे, पण ते वाचायला पगाराच्या दिवशी जायला हवं. एरवी लहानथोर सगळ्यांचे ते डासमामा. सत्तावीस वर्षं आरोग्य खात्यात, आणि सत्तावीस वर्षं एकच काम. लोकांच्या घरात शिरायचं आणि त्यांनी साठवलेलं पाणी बघायचं. मोरीतलं पिंप, गच्चीवरची टाकी, कुंडीखालची ताटली, कोपऱ्यात टाकून दिलेलं टायर. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पांढरी पळी. पळीत पाणी घ्यायचं, उजेडात धरायचं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या मोजायच्या. मोजून झालं की दारावर खडूनं तारीख लिहायची आणि पुढचं घर.

ऐकायला सोपं वाटतं. मग एकदा सकाळच्या घाईत परक्याच्या दारात उभं राहून, "जरा तुमची मोरी बघू" म्हणून बघा. लोक अंगावर येतात. मामांच्या अंगावर कुणी आलं नाही, कारण त्यांच्या जिभेवर साखर होती आणि साखरेखाली चिमूटभर तिखट. "वहिनी, पोरं दोनच बरी म्हणालात ना? इथं पिंपात दोनशे वाढवून ठेवलीत!" वहिनी लाजेनं लाल व्हायच्या, शेजारणी खो खो हसायच्या आणि पिंप पालथं व्हायचं. तापाची लक्षणं सांगणारं पत्रक मामांना तोंडपाठ होतं. ताप, हाडं मोडल्यासारखं अंग, डोळ्यांच्या मागं दुखणं. कुणाच्या घरी ताप आला की लोक डॉक्टरच्या आधी मामांना विचारायचे, आणि पावसाळ्यात मामा त्या माणसाला हाताला धरून रक्त तपासायला न्यायचे. त्यांच्यामुळं वाचलेली दहा-बारा माणसं तरी त्या वस्तीत हिंडत-फिरत होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना कामचुकार म्हणाल. तसे ते नव्हते, आणि दुखणं तर तिथंच आहे.

खात्याचं एक वेळापत्रक होतं. कुणा शहाण्यानं पस्तीस वर्षांपूर्वी बसवलेलं. वर्षातले आठ महिने पाहणी करायची, थंडीचे चार महिने करायची नाही. उगाच नव्हे, त्याला आधार होता. अमुक इतकी थंडी पडली की अळी वाढत नाही, डास जगत नाही, हे तपासून ठरवलेलं होतं. पण दर महिन्याचा तक्ता मात्र वरच्या कचेरीत गेलाच पाहिजे. पाहणी केली नाही म्हणून तक्ता पाठवला नाही, असं सरकारात चालत नाही. मग थंडीच्या चारही तक्त्यांवर आडवा शिक्का मारायचा, निरंक. म्हणजे काही आढळलं नाही. आता बघितलं आणि आढळलं नाही, की बघितलंच नाही म्हणून आढळलं नाही, यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. पण तक्त्याला रकाना एकच होता. थंडी लागायच्या आधीच एका दुपारी मामा चहा पीत पीत चारही महिन्यांचे शिक्के मारून, खाली सह्या करून मोकळे व्हायचे.

याला लबाडी म्हणावं का? नोकरीच्या पहिल्या तीन थंड्यांत मामांनी हौसेनं, कुणी सांगितलं नसताना, दीडशे घरं बघितली होती. एक अळी सापडली असती तर शपथ. तेव्हापासून त्यांचा त्या शिक्क्यावर विश्वास बसला तो बसलाच. थंडीत ताप आलेल्या माणसाला ते छातीठोक सांगायचे की सर्दीपडसं आहे, झोपून राहा. आणि ते वर्षानुवर्षं खरं निघत गेलं. माणूस खोटं बोलून फसतो तसा खरं बोलूनही फसतो, फक्त त्याला वेळ जास्त लागतो.

गेल्या सात-आठ वर्षांत थंडीचा जीव गेला होता. लोकरीचे कपडे पेटीतच राहू लागले. थंडीच्या ऐन महिन्यात पंखे फिरू लागले. लोक खूश. "बरं झालं बाई, यंदा गुडघे दुखत नाहीत." मामाही खूशच. दोन वर्षांपूर्वी कीटकांचा अभ्यास करणारी एक मुलगी कचेरीत आली. अंगानं काडी, पाठीवर तिच्याएवढी पिशवी. म्हणाली, "काका, मी थंडीतही या भागात घरं बघितली. तीन घरांत अळ्या होत्या. तुमचं वेळापत्रक बदलायला हवं." मामांना ते लागलं. कालची पोर आणि आपल्याला आपलंच काम शिकवते! ते हसून म्हणाले, "बाई, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी पळी धरतोय. पाणी बाहेरून आणलं असेल कुणी." तिनं तरी चार पानं लिहून दिली, नकाशासकट. मामांनी "वर पाठवतो" म्हणून ती घेतली आणि कपाटातल्या खालच्या खणात ठेवली. वर गेली असती तरी तिथलाही खालचा खण रिकामाच होता, म्हणा. पण मामांनी पाठवली नाहीत, एवढं खरं.

मामांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं माणूस म्हणाल तर एकच, धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडं, दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिची मुलगी राहत. नवरा फार पूर्वी गेलेला. लहानपणच्या आजारात धाकटीचा डावा पाय बारीक झालेला, आणि हल्ली तर तिला दाराच्या तीन पायऱ्याही उतरवत नसत. दोन वर्षांत ती घराबाहेर पडली नव्हती. खिडकीशी बसून ती शर्टांना काजं करायची. शर्टांचे गठ्ठे कारखान्यातून यायचे, काजं होऊन परत जायचे. मुलगी इस्त्रीच्या दुकानात कामाला. मामा रोज संध्याकाळी सातला तिथं जेवायला जायचे ते साडेआठला उठायचे. स्वयंपाकघरातल्या त्यांच्या ठरलेल्या खुर्चीमागं, हात लांबवला तर लागेल इतक्यावर, जुना फ्रिज घरघरत असायचा. धाकटी म्हणायची, "दादा, तू सगळ्या गावाच्या मोऱ्या बघतोस. कधी आमच्या घरातला दिवा तरी बदलून दे." आणि दिवा भाचीच बदलायची.

त्या थंडीत, म्हणजे थंडी म्हणायची आपली, एका सोमवारी धाकटीनं शर्ट अर्धा टाकून अंथरूण धरलं. ताप कडकडीत. मामा आले तर भाची कपाळावर ओली पट्टी ठेवत बसलेली.

"दादा, हाडं मोडल्यासारखी झालीत रे," धाकटी म्हणाली.

"मामा, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणते," भाची म्हणाली. "रक्त तपासून आणू या का? तुम्हीच पावसाळ्यात सगळ्यांना सांगता ना?"

"पावसाळ्यात सांगतो. आत्ता डास कुठायत? उगाच सुया टोचून घेऊन काय करायचंय तिला? झोपू दे."

भाचीनं पट्टी पुन्हा भिजवली. मामांपुढं या बाबतीत बोलायचं म्हणजे सोनाराला सोनं दाखवण्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशीही ताप हटेना, तेव्हा मामांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरीच आणलं. डॉक्टर तरुण, त्या वर्षीच बदलून आलेले, मामांना मान देणारे. त्यांनी धाकटीची पापणी ओढून बघितली, दंड दाबून बघितला. मग बॅग उघडताना विचारलं, "मामा, तुमच्या या भागात सध्या डास आहेत का? म्हणजे डेंग्यूची तपासणी लावतो. लक्षणं तशीच वाटतात."

या एका प्रश्नाला उत्तर द्यायला तेवढ्या गावात एकच माणूस होतं, आणि ते समोर उभं होतं.

"नाही डॉक्टर," मामा म्हणाले. "या महिन्याचा तक्ता निरंक आहे."

"खात्री आहे?"

"सरकारी तक्ता आहे. माझी सही आहे खाली."

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा सैल झाला. अंगदुखीसाठी त्यांनी जोरदार गोळ्या लिहून दिल्या. डेंग्यूत ज्या देऊ नयेत त्याच. पण डेंग्यू नव्हताच ना! तक्ता सांगत होता तसं. तो शिक्का मामांनी दीड महिन्यापूर्वी मारला होता, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार? आणि तुम्हाला खरं सांगू, त्या क्षणी मामांनाही ते आठवलं नाही. त्यांच्या लेखी ते खरंच निरंक होतं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मामांचा जीव भांड्यात पडला. "बघ," ते भाचीला म्हणाले, "उगाच घाबरवलंस आम्हाला." धाकटीही हसली. अकरा शर्ट राहिलेत, कारखान्यातला माणूस ओरडेल, म्हणाली. सुई मागून घेतली, पण ओवता येईना. दुपारी पोटात दुखतंय म्हणाली. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. मामा म्हणाले, गोळ्यांचा त्रास.

सहाव्या दिवशी सकाळी भाची धावत मामांच्या दारात आली. आईचे हात गार पडलेत आणि उशीवर रक्त आहे. मामा जाऊन बघतात तो धाकटीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ती एका कुशीवर धड राहत नव्हती. मामा उंबऱ्यातच थांबले. ताप उतरल्यावर पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, तातडीनं रुग्णालय. त्यांच्याच पत्रकातली शेवटची चौकट. ती त्यांनी हजारो दारांत वाचून दाखवली होती.

गाडीत धाकटीनं विचारलं, "दादा, काय झालंय रे मला?"

"काही नाही. अशक्तपणा आहे," मामा म्हणाले. हे मात्र ते जाणूनबुजून खोटं बोलले.

मोठ्या रुग्णालयात बाटल्या लावल्या, रक्त काढून तपासायला पाठवलं, "एवढा उशीर का केलात?" म्हणून एक डॉक्टर चिडल्या. दुपारी चार वाजता धाकटी गेली. भाचीला सांगितलं ते एवढंच, की रक्तात संसर्ग गेला.

रक्ताचा अहवाल चार दिवसांनी आला आणि आला तो मामांच्याच टेबलावर. असे अहवाल खात्यात येतात, लिफाफा फोडून नोंद करायचं काम मामांचं. डेंग्यू पॉझिटिव्ह. पुढं बहिणीचं नाव, वय, पत्ता. मामांनी तो कागद घडी करून खिशात घातला, खुंटीवरची पळी आणि टॉर्च घेतला आणि ऐन थंडीत, चोवीस वर्षांत पहिल्यांदा, एका घराची पाहणी करायला निघाले.

भाची कामावर गेलेली. किल्ली त्यांच्याजवळ असायचीच. आधी त्यांनी मोरीतलं पिंप बघितलं, स्वच्छ होतं. खिडकीतली कुंडी कोरडी. मग त्यांनी आपली खुर्ची बाजूला केली, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि खाली वाकून मागचा पाणी साचायचा ट्रे काढला. टॉर्च लावायचीही गरज नव्हती. त्यांनी पळी बुडवली आणि मोजायला लागले. मोजून काय होणार होतं आता? पण सत्तावीस वर्षांची सवय, हात थांबेनात. चौतीस. आणि सात कोष, एक-दोन दिवसांत उडतील असे. मग ते तिथंच फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. बहिणीला निरोप देताना रडले नव्हते इतके.

चौतीसच्या चौतीस अळ्या एका बाटलीत भरून ते साहेबांकडं गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, एवढाच त्यांचा दोष.

"साहेब, तक्ता दुरुस्त करायचाय. या महिन्याचा. निरंक नाही." मामांनी अहवाल आणि बाटली टेबलावर ठेवली.

साहेबांनी दोन्ही बघितलं आणि उठून दार लोटलं. "मामा, फार वाईट झालं. बसा. पण हा एक बदलला तर विचारतील, गेल्या वर्षीचा? त्याआधीचा? सगळे निरंक कसे? बघितलं होतं का? काय सांगणार?"

"बघितलं नव्हतं म्हणून सांगीन."

"आणि मग म्हणतील, आता थंडीतही बघा. कोण बघणार? तुम्ही एकटे आणि तो औषध फवारायचा गळका पंप?" साहेबांनी खण उघडून एक छापील कागद काढला. "यात रकाना आहे. रुग्ण बाहेरगावाहून आजार घेऊन आला. एवढं लिहिलं की आपला तक्ता तसाच राहतो."

"साहेब, ती दोन वर्षं पायरी उतरली नव्हती हो!"

"ते मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही." साहेब खरोखर मऊ आवाजात बोलत होते. "नाहीतर चौकशी लागेल. माणसं घरी येतील, तुमच्या भाचीचा जबाब घेतील. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा घेतील. डॉक्टर सांगतील, मी तपासणी लावणार होतो, यांनी नको म्हटलं. ते तिच्यासमोर निघेल. चालेल?"

मामा नोकरीला घाबरले नसते. निवृत्तिवेतन गेलं असतं तरी बेहत्तर म्हणाले असते. पण भाचीचं नाव निघालं आणि ते खुर्चीत बसले. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. धाकटी बाहेरगावाहून आजार घेऊन आली होती. साहेबांनी बाटली बेसिनमध्ये रिकामी करून वर नळ सोडला.

पुढच्या आठवड्यात मामांनी रजा टाकली आणि पळी घेऊन स्वतःहून दारोदार हिंडले. एकोणीस घरांपैकी चार जणांनी आत घेतलं. बाकीच्यांनी दारातूनच, "मामा, आता कुठले डास? घरी जा, आराम करा," म्हणून वाटेला लावलं. पाठ फिरली की बोलायचे, बहीण गेल्यापासून बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या चार घरांपैकी दोन घरांत अळ्या निघाल्या. वस्तीत आणखी तिघं तापानं पडले होते, आणि जो तो म्हणत होता, हवा बदललीय. हवा बदललीय हे अगदी खरं होतं, पण त्यांना ते तसं म्हणायचं नव्हतं.

आणि भाची! तिनं मामांना जेवायला यायचं चुकवू दिलं नाही. आईचे राहिलेले अकरा शर्ट तिनं कामावरून आल्यावर बसून पुरे केले. शेजारी कुणी आलं की सांगायची, "मामा होते म्हणून. डॉक्टर घरी आणले, गाडी आणली. मला एकटीला काही सुचलं नसतं." मामा अर्ध्या भाकरीवरच उठायचे. पंधरा दिवसांत त्यांच्या शर्टाची कॉलर ढिली झाली. कधी त्यांना वाटायचं, बोलून टाकावं. कधी वाटायचं, कशाला? तिचं आता आपल्याशिवाय कोण आहे? आणि आपलं तरी तिच्याशिवाय कोण? या दुसऱ्या प्रश्नाशी ते दर वेळी अडायचे.

एका संध्याकाळी तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही इकडंच राहायला का येत नाही? आईची खोली रिकामीच आहे. तुमच्याकडं बघायला कोणीतरी हवं."

मामांनी खिशातला कागद काढून ताटाशेजारी ठेवला. घड्यांवर तो फाटायला आला होता. भाचीनं तो दोनदा वाचला.

"हा डेंग्यू आहे."

"हो."

"पण तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, डास नाहीत."

"मी बघितलं नव्हतं." आणि मग मामांनी सगळं सांगितलं. शिक्का, आधीच केलेल्या सह्या, त्या अभ्यास करणाऱ्या मुलीची चार पानं, फ्रिजमागचा ट्रे, चौतीस अळ्या, बाहेरगावचा रकाना. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही आणि एकदाही 'पण' म्हटलं नाही.

भाची ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फ्रिजकडं बघत होती.

"मागचा ट्रे बघायला किती वेळ लागतो?"

"फ्रिज ओढायचा, ट्रे काढायचा, पळी..." कामाचं बोलण्याच्या सवयीनं मामा बोलू लागले आणि मध्येच थांबले. "तीन मिनिटं."

"आणि रोज इथं किती वेळ बसायचात?"

  तिनं कागद नीट घडी करून आपल्याजवळ ठेवला.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नका."

ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली. मामांनी ताट ओढलं आणि शेवटच्या घासापर्यंत सगळं संपवलं, कारण टाकून उठावं एवढाही हक्क आपल्याला त्या घरात उरला आहे असं त्यांना वाटेना. मग त्यांनी ताट घासून ठेवलं, घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि तीन पायऱ्या उतरून गेले.